मधलं टिंब

सारा जन्म गोदाघाटावर दुसऱ्यांना गोंदण्यात गेला, पण माझ्या स्वतःच्या अंगावर काहीच नव्हतं. दोन्ही हात घासलेल्या ताटासारखे कोरे. लोकांना हे खरं वाटत नाही. कारण अगदी सोपं आहे. मला सुईची भीती वाटते. दुसऱ्याच्या अंगात जाते तिची नाही, माझ्या अंगात येते तिची.

बायको यावरून जन्मभर बोलली. तिचं म्हणणं असं, की माणूस मेलं की दागिने काढून घेतात, लुगडं जळून जातं, सोबत जातं ते फक्त गोंदण. वर आपली माणसं त्यावरून ओळखायची.

"तुम्ही असे कोरेच्या कोरे आले तं मी ओळखू कशी?" ती म्हणायची. "तिथं काय कमी गर्दी असंल?"

"तोंड बघून ओळख."

"तोंड जाळून येणार ना तुम्ही!"

मग ती आधी गेली. मी या गोष्टी मानत नाही. पण ती मानायची, आणि वर ओळखायचं काम तिच्याकडं आहे. त्यामुळं माझ्या मानण्या-न मानण्याला काही किंमत नाही. काहीतरी गोंदून घेणं भाग होतं. काय गोंदायचं हा प्रश्न नव्हता. कुणाकडून, हा होता. त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल.

आमचं मूळ घर भाजीपाल्याचं. भाऊ जास्त आणि वावर कमी, म्हणून मी घाटावर फुलं विकायला बसलो. शाळा मला अक्षरओळखीपुरती. जत्रेत फिरणाऱ्या एका माणसाकडून गोंदायचं मशीन घेतलं. बॅटरीवर चालायचं आणि गांधीलमाशीसारखं गुणगुणायचं. बायकोला गोंदण येतच होतं. माहेरी शेजारच्या म्हातारीकडून ती शिकली होती. हातसुई, तव्याची काजळी आणि पाल्याचा रस, वरून हळद. एका छत्रीखाली आमच्या दोन चटया. बायका तिच्याकडं, पुरुष माझ्याकडं.

तिला माझं मशीन पसंत नव्हतं. "ही रंगरंगोटी हाये," ती गिऱ्हाइकासमोर म्हणायची. "मशीनचं वर चालत नाय. वर जायाचं तं हाताची सुई पाहिजे."

"त्याला वर नाय जायाचं, सातपूरला जायाचंय," मी म्हणायचो. "सेकंड शिफ्ट आहे त्याची."

तिनं स्वतःच्या डाव्या हातावर माझं नाव स्वतःच गोंदलेलं होतं, लग्नाच्या वर्षी. शाळा तिलाही नव्हती. त्यात एक काना राहिला. तो काना न देता ती जन्मभर मिरवली. वाचता येणारा कुणी हसला की म्हणायची, "तुम्हाला काना दिसतो, मला माणूस दिसतो."

नव्वद सालानंतर माझ्याकडं जेलातून सुटून आलेली माणसं फार यायला लागली. कुठल्या जेलातून ते मी विचारत नसे. सुटले की ते आधी नदीत डुबकी मारायचे. आतलं पाप नदीत जायचं, पण हातावरचं जात नसे. मग ओल्या चड्डीवर माझ्या चटईवर यायचे आणि म्हणायचे, "याच्यावर काहीतरी काढ."

मी मोर काढायचो. मोर मोठा असतो, त्याच्या पिसाऱ्याखाली काहीही झाकतं. नाशिक भागात हातावर मोर असलेले जे शांत, वयस्क गृहस्थ दिसतील त्यांच्याकडं जरा जपून बघा. मोराखाली खंजीर असायची शक्यता आहे.

ही माणसं गोंदता गोंदता अर्थ सांगायची. खंजिराचं टोक खाली असेल तर काम झालं, वर असेल तर बाकी आहे. तीन टिंबांचा अर्थ एकानं सांगितला, की पाहिलं नाय, ऐकलं नाय, बोललो नाय. दुसरा म्हणाला, छ्या, तीन वेळा आत जाऊन आला. दोघं एकाच बराकीतले. माझ्या चटईवर भांडले आणि माझी छत्री मोडली. एकदा एक हवालदार आला. साध्या कपड्यात, पण बूट खात्याचे. मला म्हणाला, "तुझ्याकडं सगळे येतात. तीन टिंबांचा अर्थ काय?"

"तीन वेळा टोचलं," मी म्हणालो.

त्याला ते पटलं नाही, पण खोटंही म्हणता येईना.

शहरातल्या एका टोळीची खूण विंचू होती. मनगटावर, नांगी वर. नांगी वर म्हणजे म्हणे हा माणूस सांगून डसतो. त्या टोळीतला एक दादा नांगी गडद करून घ्यायला माझ्यासमोर बसला होता. सोबत दोन माणसं, एक उन्हाच्या बाजूला सावली धरून उभा. बायकोनं पलीकडच्या चटईवरून मान लांब करून बघितलं.

"अगं बया, विंचू!" ती म्हणाली. "हे तं बायकांचं रे भाऊ. पोटरीवर काढत्यात, शेतात इंचू चावू नाय म्हणून. तुझ्या आजीच्या पोटरीवर असंल बघ."

सावली धरणारा हसायला गेला आणि थांबला. नंतर तो दादा एकटाच आला. हळूच म्हणाला, "मावशी, खरंच होता आजीच्या पोटरीवर." मी त्याच्या विंचवावर मोर काढला.

एवढ्या सगळ्या अर्थांमध्ये एकाच खुणेबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात पाच टिंबं. चार कोपऱ्यांत चार, मधे एक. चार भिंती आणि मधे आपण. ज्याच्या हातावर ही पाच टिंबं तो आत राहून आला. हे हवालदाराला माहीत, टोळीवाल्यांना माहीत, मला माहीत. आणि हीच पाच टिंबं बायको रोज बायांच्या मनगटावर काढायची. तिच्याकडं त्याचं नाव तुळशीवृंदावन. मधे रोप, चार बाजूंना कट्टा.

आमच्या पोरीला बघायला निफाडकडून एक स्थळ आलं. घर द्राक्षबागेचं, पोरगा मात्र सातपूरला कंपनीत टर्नर. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते सगळे बसले. पोरगा दिसायला बरा. खाली मान, विचारलं तेवढं बोलायचा. फक्त उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

"कंपनीत लागलं जरासं," त्याचा मामा घाईनं म्हणाला. मी पोराला काही विचारलंच नव्हतं.

पोरीनं पाणी आणलं. रुमाल बांधलेल्या हातानं पोरगा पेला धरायला गेला आणि रुमाल सुटून पोह्यांत पडला. बेचक्यात पाच टिंबं. काळी, ठळक, एकदम स्वच्छ.

मी बघितलं. मामानं मी बघितलेलं बघितलं. त्याचा घास हातातच राहिला. तेवढ्यात बायको म्हणाली, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल अशी:

"अय्या, पोराच्या हातावर तुळशीवृंदावन!"

मामाच्या जिवात जीव आला. "हो, हो," तो म्हणाला. "माळकरी घर हाये आमचं. पहिल्यापास्नं."

हे बोलून त्यानं स्वतःचं किती नुकसान केलं ते त्याला तेव्हा कळलं नाही. पुढं लग्नानंतर आमच्याकडं मटणाचं जेवण झालं तेव्हा वाढणारा प्रत्येक वेळी मामाला सोडून पुढं जायचा. "त्यांना नका वाढू, माळकरी हायेत." त्यानं वरणभात खाल्ला आणि शेजारच्या ताटाकडं बघत राहिला. एवढ्या खोट्याला एवढी शिक्षा कोर्टानंसुद्धा दिली नसती.

पाहुणे गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "तुळस नाय ती."

"माहीत हाये."

"माहीत हाये? मग तुळस का म्हणाली?"

"मंग काय म्हणू? चार माणसांत जेल म्हणू? तुमचं बरं हाये, चुकलं का मोर काढायचा. तोंडातून गेलेल्या शब्दावर मोर काढता येतो का?"

"मी पोरगी देणार नाय."

"देऊ नका. पण आधी विचारू तं द्या."

पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा," आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. कोरडी, घासलेली भांडी. त्यावरून आम्हाला कळायचं ते कळलं.

बायकोनं निरोप धाडला आणि पोरगा कंपनीच्या सुट्टीला घाटावर आला. मामाला न घेता. बायकोनं त्याला गिऱ्हाइकासारखं आपल्या चटईवर बसवलं आणि हात हातात घेतला. मी माझ्या चटईवर. माझ्याकडं गिऱ्हाईक नव्हतं, तरी मी मशीन पुसत होतो.

"कुठं काढलं?" तिनं विचारलं.

"आत."

"का गेला होता?"

"कंपनीच्या गेटवर भांडण झालं. एकाचं डोकं फुटलं."

"तू फोडलं?"

"आम्ही चौघं मारू राहिलो होतो, मामी. कुणाचं लागलं ते त्यालाबी नाय माहीत."

"कोर्टानं सोडलं?"

"सोडलं."

"साक्षीदार फिरले असतील," मी मधेच म्हणालो.

"फिरले," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

बायको हात उलटसुलट करून बघत होती. "शाई कशाची?"

"चपलेचं रबर जाळलं. काजळी धरली. साबणाचं पाणी."

"सुईला दोरा गुंडाळला होता?"

"हो."

"बरा गुंडाळला. शाई फुटली नाय." मग तिनं विचारलं, "पहिलं टिंब कुठलं?"

त्याला कळलं नाही. मला कळलं, आणि मी मशीन पुसायचं थांबलो. गोंदणाऱ्याला हे विचारायचं असतं. तुळस काढताना ती मधलं टिंब आधी द्यायची. आधी रोप, मग कट्टा. रोप नसताना कट्टा कोण बांधतं? आणि जेलातली माणसं फिकी पडलेली टिंबं माझ्याकडून गडद करून घ्यायची तेव्हा चार कोपरे आधी सांगायची, मधलं शेवटी. एकानं मला कारणही सांगितलं होतं. भिंती आधीपासून असतात, माणूस मागून येतो.

"सुई पहिली कुठं टोचली?" तिनं परत विचारलं.

त्यानं टिंबांवरून बोट फिरवलं. "मधे," तो म्हणाला. "मला एकच काढायचं होतं. आत काही काम नव्हतं, कंटाळा यायचा, म्हणून काढलं. पण ते एकटंच दिसायचं. तीळ असल्यावाणी. मंग म्हणलं, याला सोबत पाहिजे. म्हणून चार बाजूंना चार."

"अर्थ माहीत होता का तुला?" मी विचारलं.

"मागून कळला. बराकीतला एक जण म्हणला, या चार भिंती. मी म्हणलो, बरं."

बायकोनं त्याचा हात सोडला. "तुळसच हाये," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

"अगं पण..."

"रोप आधी हाये का नाय? मंग? जेल तो कुठं म्हणू राहिला? तुम्ही म्हणू राहिले."

मी या धंद्यात इतकी वर्षं अर्थ ऐकत होतो आणि पहिलं टिंब कुठलं हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

जाताना पोरगा माझ्याकडं वळला. "मामा, तुम्ही मोर काढता म्हणे. काढून टाका याच्यावर."

"हात लावायचा नाय," बायको म्हणाली. "तुळशीवर मोर काढत्यात का कुठं!"

लग्न झालं. जावई कसा निघाला? जावयासारखा निघाला. कमी बोलतो. रविवारी पोरीला घेऊन येतो आणि आल्या आल्या काहीतरी दुरुस्त करायला लागतो. नळ, पंखा, दाराची कडी. चालू असलेलंही दुरुस्त करतो. देवळाली कॅम्पाला भरतीला जाणारी पोरं माझ्याकडं यायची, की हातावरचं काढून टाका, मिलिटरीवाले बघतात. मला ते पुसता येत नसे, वर मोर काढूनही चालत नसे. जावई अशांना चहा पाजायचा आणि म्हणायचा, "मला कंपनीत कुणी विचारत नाय. तुळस हाये म्हणून सांगतो." ती पोरं हिरमुसून जायची. त्यांच्या हातावर पोरींची नावं होती. त्यांना तुळस म्हणून कसं चालणार?

मग दिवस बदलले. पोरं कॉलेज रोडला एसीत गोंदून घ्यायला लागली आणि जपानी अक्षरांचे अर्थ सांगायला लागली. आमची छत्री फाटली तेव्हा आम्ही नवी आणली नाही.

बायको दोन हजार सालानंतर कधीतरी आजारी पडली ती पडलीच. दवाखान्यात सलाईन लावायला नर्सला शीर सापडेना. हिरवी शीर कुठली आणि हिरवं गोंदण कुठलं, कळेना. बायको पडल्या पडल्या तिला सांगत होती, "बाई, ती गोंदलेली सीतेची न्हाणी हाये, तिथं नको टोचू. खाली बघ, मोकळी जागा हाये." नर्सनं खाली बघितलं, शीर सापडली. नर्स म्हणाली, दुखलं का. बायको म्हणाली, "तुझा हात हलका हाये. गोंदायला शिक."

शेवटी शेवटी ती मला म्हणाली, "आता तरी घ्या. एक टिंब तरी घ्या."

"तू बरी हो, मग घेतो. तुझ्याच हातानं."

"म्हणजे नाय घेत तुम्ही," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. घाटावर नेताना तिच्या डाव्या हातावर माझं नाव होतं, काना नसलेलं. म्हणजे आता वर तिच्याकडं माझं नावही नीट नाही.

त्यानंतर मी दोन खोल्यांतल्या एका खोलीत राहायला लागलो. दुसऱ्या खोलीत तिचं सामान, तिकडं जाववत नाही. खोलीला चार भिंती आहेत आणि मधे मी. माझ्याच चटईवर ऐकलेला अर्थ. ऐकताना मी मोराची पिसं मोजत होतो, फार लक्ष दिलं नव्हतं.

टिंब घ्यायचं ठरवलं. मशीन तिच्या हिशेबात चालत नव्हतं, म्हणून कॉलेज रोड बाद. हातसुई पाहिजे. घाटावरच्या हातसुईवाल्या बायका एकेक करून गेल्या होत्या. मी स्वतः स्वतःला टोचणं शक्यच नव्हतं. हातसुईनं, दोरा गुंडाळून, शाई न फुटू देता गोंदणारा माझ्या माहितीत एकच माणूस उरला होता. आणि त्याचं काम तिनं स्वतः तपासून पास केलेलं होतं.

रविवारी जावई नळाला हात घालायला लागला तेव्हा मी म्हणालो, "नळ राहू दे. सुई घे."

त्यानं पाना खाली ठेवला. पोरीनं आईची काजळीची डबी काढली. काजळी वाळून खपली झाली होती. त्यानं ती पाण्यात कालवली, सुई उकळली, दोरा गुंडाळला. एवढ्या वर्षांनीही बोटं विसरली नव्हती. मी उजवा हात पुढं केला आणि डाव्या हातानं तोच घट्ट धरून बसलो.

"आबा, सोडा की हात! दोघांनी धरला तं ते टोचतील कुठं?" पोरगी म्हणाली. ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"मामा," जावयानं विचारलं, "पहिलं कुठं?"

विचारायची गरज नव्हती. त्यालाही माहीत होतं, मलाही. तरी त्यानं विचारलं, हे बरं केलं.

"मधे," मी म्हणालो आणि डोळे मिटले.

टोचलं. परत टोचलं. लोक याला मुंगी चावल्यासारखं म्हणतात, ते खोटं आहे. मी स्वतः गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो होतो. जावयानं हळद लावली आणि हात कोपऱ्याच्या टिंबाकडं सरकवला, तेव्हा मी हात ओढून घेतला.

"बास."

"चार राहिली, मामा."

"पुढच्या रविवारी."

ती पुढच्या रविवारीही राहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही. तो आला की आधी सुई उकळायला ठेवतो. मी त्याला एखादा गळका नळ दाखवतो. नळ गळत नसेल तर आदल्या दिवशी जरा सैल करून ठेवतो.

"एकटंच दिसतं, मामा," तो परवा पान्यानं नळ आवळता आवळता म्हणाला. "तीळ असल्यावाणी."

"माहीत हाये," मी म्हणालो. "तिनं एकच सांगितलं होतं."